ज्या शहरात मी राहत नाही, त्या शहराचा क्लब

ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू होणारे फुटबॉलचे सामने खुद्द ब्रिटनमध्ये टीव्हीवर थेट दिसत नाहीत. दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत थेट प्रक्षेपण बंद ठेवण्याची ही पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. मोठ्या क्लबांचे सामने लोकांना घरबसल्या दिसू लागले, तर खालच्या श्रेणीतल्या लहान क्लबांच्या मैदानांकडे कोण फिरकणार, ही बर्नली क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांची काळजी होती आणि ती इतर क्लबांनाही पटली. त्यामुळे आज अशी स्थिती आहे, की मैदानापासून दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, पण तिकीट न मिळालेल्या किंवा न परवडलेल्या माणसाला जो सामना पाहता येत नाही, तोच सामना हजारो किलोमीटर दूर बसलेली मी पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहू शकते.

मी एव्हर्टनची चाहती आहे. एव्हर्टन हा लिव्हरपूल शहरातला क्लब, आणि त्या शहराशी माझे रक्ताचे, भाषेचे किंवा कामाचे कसलेही नाते नाही. आजच्या फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये माझ्यासारख्यांचा वर्ग फार मोठा आहे. आम्ही ज्या शहरात कधी राहिलो नाही, त्या शहराच्या क्लबसाठी जागतो, त्याच्या पराभवाने दुसऱ्या दिवशी गप्प गप्प असतो आणि गुणतक्त्यातल्या त्याच्या जागेचा हिशेब मनात सतत मांडत राहतो. आम्ही हा क्लब निवडला म्हणजे नेमके काय केले, आणि निवडल्यावर त्या क्लबच्या शहरातल्या माणसांचे आम्ही काय लागतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे महत्त्वाचा वाटत आला आहे. त्याचे उत्तर खेळाच्या भवितव्याशी जोडलेले आहे असे मी मानते, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

क्लब निवडायचा असतो, ही कल्पना फुटबॉलच्या आरंभी फारशी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-स्कॉटलंडमधले बहुतेक क्लब कारखान्यांतून, चर्चमधून आणि वस्त्यांमधून उभे राहिले. १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी जो संघ काढला, तो पुढे मँचेस्टर युनायटेड झाला. १८८६ मध्ये वूलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी काढलेल्या संघाचा आर्सेनल झाला. टेम्सकाठच्या जहाजबांधणी कारखान्याचा संघ वेस्ट हॅम म्हणून ओळखला जाऊ लागला. ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश स्थलांतरितांना मदत मिळावी म्हणून ब्रदर वॉलफ्रिड या धर्मसेवकाने १८८७ मध्ये सेल्टिकची स्थापना केली. एव्हर्टनची सुरुवातही १८७८ मध्ये सेंट डोमिंगो या चर्चच्या संघातून झाली. त्या काळातल्या माणसाचा क्लब त्याच्या पत्त्यावरून आणि कामावरून कळत असे.

पुढे ही व्यवस्था ढिली होत गेली, आणि एव्हर्टनच्याच इतिहासात त्याचे एक फार बोलके उदाहरण आहे. एव्हर्टन आधी ॲनफील्डवर खेळत असे. भाड्यावरून आणि कारभारावरून मैदानाचे मालक जॉन हूल्डिंग यांच्याशी वाद झाला, तेव्हा १८९२ मध्ये क्लबने ते मैदान सोडले आणि स्टॅनली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्क बांधले. रिकाम्या ॲनफील्डसाठी हूल्डिंग यांनी नवा संघ काढला, तो लिव्हरपूल. ज्या शहरात काल एक क्लब होता, तिथे एका बागेच्या दोन बाजूंना दोन क्लब झाले, आणि एव्हर्टनचे निळे की लिव्हरपूलचे लाल हा प्रश्न घराघरांत आला. आजही त्या शहरात एकाच कुटुंबात दोन्ही रंग नांदतात. १९१३ मध्ये आर्सेनल टेम्स ओलांडून दक्षिण लंडनमधून उत्तर लंडनमध्ये गेला, तेव्हा तिथल्या लोकांसाठी तो परकाच क्लब होता. दोन पिढ्यांत तो त्यांचा इतका झाला, की त्याचा जन्म दुसरीकडे झाला हे सांगावे लागते.

दुरून प्रेम करणेही वाटते तितके नवे नाही. दक्षिण इटलीतून तुरीनच्या फियाट कारखान्यात कामाला आलेल्या मजुरांनी तिथल्याच युव्हेंटस या क्लबला आपलेसे केले आणि त्यांच्यामार्फत तो क्लब साऱ्या इटलीत पसरला, तर तुरीन शहरात तोरिनो या तिथल्या दुसऱ्या क्लबची मुळे घट्ट राहिली. नॉर्वेमध्ये २९ नोव्हेंबर १९६९ रोजी वुल्व्हरहॅम्प्टन आणि संडरलँड यांच्यातला सामना टीव्हीवर थेट दाखवला गेला, आणि त्यानंतर हिवाळ्यातल्या शनिवारी इंग्लिश फुटबॉल पाहणे ही त्या देशाची सवय झाली. तेव्हाच्या मुलांनी निवडलेले इंग्लिश क्लब त्यांच्या नातवंडांकडे आले आहेत. वारशाने मिळालेले हे प्रेम मुळात कुण्या एकाच्या टीव्हीवरून सुरू झाले होते, हे लक्षात घेतले की अस्सल आणि उसना चाहता यांच्यामधली रेषा फार पुसट होते.

आजचा चाहता क्लबपर्यंत अनेक वाटांनी पोहोचतो, आणि त्यांपैकी सर्वांत रुळलेली वाट खेळाडूची आहे. २०१८ मध्ये क्रिस्टियानो रोनाल्डो रेआल माद्रिद सोडून युव्हेंटसमध्ये गेला, तेव्हा त्याचे असंख्य चाहते मनाने त्याच्याबरोबर इटलीत गेले. २०२१ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये परतला, तेव्हा तेही परतले. २०२२ च्या डिसेंबरअखेर त्याने सौदी अरेबियातल्या अल नस्र क्लबशी करार केला, आणि समाजमाध्यमांवर त्या क्लबच्या मागे असलेल्यांची संख्या काही दिवसांतच कितीतरी पटींनी वाढली. पुढच्या वर्षी मेस्सी इंटर मायामीत दाखल झाला, तेव्हाही तेच घडले. खेळाडू येतात आणि जातात, क्लब मात्र राहतो, असे म्हणून जुन्या वळणाचे चाहते या प्रकाराकडे नाराजीने पाहतात. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण ज्याच्या आसपास क्लबच नाही, ज्याच्या घरात हा खेळ कधी कुणी पाहिलेला नाही, त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाने सुरुवात कुठून करावी? एखाद्या संस्थेवर जीव जडायला काळ जावा लागतो; एखाद्या माणसाच्या पायातल्या चेंडूवर तो एका क्षणात जडतो.

माझ्या बाबतीत तो माणूस टिम केहिल होता. २००४ मध्ये मिलवॉलहून एव्हर्टनमध्ये आलेला हा ऑस्ट्रेलियन मध्यरक्षक १७८ सेंटिमीटर उंचीचा होता, म्हणजे फुटबॉलच्या मानाने काही उंच नव्हता, आणि तरीही त्याच्याहून डोक्याने उंच असलेल्या बचावपटूंच्या मधून उसळून तो हेडरने गोल करीत असे. उडी नेमकी केव्हा मारायची, हे त्याला इतरांच्या अर्धा श्वास आधी कळत असे. गोल झाला की कोपऱ्यातल्या झेंड्याशी तो मुष्टियुद्ध खेळे. त्याच्या पहिल्याच हंगामात एव्हर्टन लीगमध्ये चौथा आला. मी त्याला पाहण्यासाठी सामने लावू लागले आणि त्याला पाहता पाहता त्याच्या आजूबाजूचे दहा जण ओळखू लागले, मग राखीव खेळाडू, मग प्रशिक्षक, मग त्या गोलामागच्या लाकडी खुर्च्या आणि मैदानाच्या कोपऱ्यात दोन स्टँडच्या मधून डोकावणारे सेंट ल्यूक चर्च. २०१२ मध्ये केहिल न्यूयॉर्कला गेला. मला फार वाईट वाटले, पण त्याच्या नव्या संघाचे सामने मी लावले नाहीत. तोवर माझे चित्त गुडिसनवर स्थिरावले होते.

म्हणून खेळाडूमागून आलेल्या चाहत्याला हिणवणे मला पटत नाही. रोनाल्डोबरोबर तुरीनला पोहोचलेल्यांपैकी बहुतेक जण त्याच्याबरोबर निघूनही गेले असतील. काही मात्र तिथेच राहिले असणार, आणि ते आता युव्हेंटसचे चाहते आहेत.

दुसरी वाट व्हिडिओ गेमची आहे, आणि तिच्याकडे अजूनही पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही. १९९३ मध्ये ‘फिफा’ या गेमची मालिका सुरू झाली, तेव्हापासून कितीतरी मुलांनी क्लबांची नावे, त्यांचे रंग आणि त्यांची मैदाने आधी खेळाच्या पडद्यावर पाहिली आणि नंतर खऱ्या सामन्यांत. ‘फुटबॉल मॅनेजर’सारख्या गेमचे तर वैशिष्ट्यच असे, की त्यात माणूस मुद्दाम एखादा तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतला, कर्जात बुडालेला क्लब घेतो आणि रात्री जागवून त्याला वर आणतो. त्या क्लबच्या युवा संघातल्या सतरा वर्षांच्या डावखुऱ्या मुलाचे नाव त्याला पाठ असते. काल्पनिक हंगामांतून गेलेला हा माणूस जेव्हा खऱ्या निकालांत त्या क्लबचे नाव शोधू लागतो, तेव्हा एका लहान क्लबला दूरदेशी एक चाहता मिळालेला असतो, आणि तो विजेतेपदांच्या मागे आलेला नसतो. मला ही वाट फार आवडते.

फँटसी फुटबॉलविषयी, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा काल्पनिक संघ करून त्यांच्या प्रत्यक्ष खेळावर गुण मिळवण्याच्या खेळाविषयी, मात्र मला तसे वाटत नाही. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल श्रेणीच्या अधिकृत फँटसी खेळात प्रत्येकाला शंभर दशलक्ष पौंडांचे काल्पनिक भांडवल मिळते, त्यात पंधरा खेळाडू घ्यायचे आणि एका क्लबचे तीनांहून अधिक घ्यायचे नाहीत, असा नियम असतो. कोट्यवधी लोक तो आवडीने खेळतात, त्यामुळे एरवी कुणी पाहिले नसते असे सामनेही पाहिले जातात, हे मला मान्य आहे. पण आपल्याच क्लबसमोर उभा असलेला आघाडीपटू आपल्या फँटसी संघात असतो, त्याच्या पायात चेंडू येतो, आणि आपल्याला काय व्हायला हवे आहे हेच क्षणभर कळेनासे होते. सामना पाहताना मनाचे असे दोन तुकडे होऊ देणे मला नुकसानीचे वाटते, कारण क्लबचा चाहता असण्यातली सगळी तीव्रता इच्छा एकच असण्यात आहे.

माहितीपटांनीही नवे चाहते आणले. १८६४ मध्ये स्थापन झालेला वेल्समधला रेक्सहॅम हा क्लब व्यावसायिक लीगमधून बाहेर फेकला गेला होता आणि २०११ पासून चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा होता. रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या दोन अभिनेत्यांनी २०२१ च्या आरंभी तो ताब्यात घेतला, त्याच्या हंगामांवर मालिका निघाली, आणि २०२३, २०२४ व २०२५ अशी सलग तीन वर्षे बढती मिळवून तो दुसऱ्या श्रेणीत पोहोचला. अमेरिकेतून माणसे ते लहानसे शहर पाहायला येऊ लागली. यात पैशाचा आणि प्रसिद्धीचा भाग मोठा आहेच. मात्र ती मालिका पाहणाऱ्यांना गोलांइतकीच तिथली माणसे आवडली, आणि अभिनेते येण्यापूर्वी दहा वर्षे तो क्लब त्याच माणसांनी जिवंत ठेवला होता. ते नसते, तर विकत घ्यायला काही उरले नसते.

राहता राहिला जिंकण्याचा मोह. जिंकणाऱ्या क्लबला निवडणाऱ्याला सगळीकडे टोमणे ऐकावे लागतात, आणि मला ते अन्यायाचे वाटते. लहान मुलाला जिंकणारा संघ आवडणे यात गैर काही नाही. त्याने हरणाऱ्यांना निवडावे अशी अपेक्षा मोठी माणसे कोणत्या तोंडाने करतात? प्रश्न नंतरचा आहे. १९९८-९९ च्या हंगामात मँचेस्टर सिटी तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, तेव्हाही त्याच्या घरच्या सामन्यांना हजारोंच्या संख्येने लोक येत होते. त्या क्लबच्या श्रीमंतीच्या काळात आलेल्या नव्या चाहत्यांपैकी कोण टिकेल, हे आज कुणालाच सांगता येणार नाही, त्यांना स्वतःलाही नाही. पडता काळ आल्याशिवाय ते कळत नाही, आणि तो येईपर्यंत त्यांच्यावर शंका घेण्याचा अधिकार मला दिसत नाही.

एव्हर्टनने माझ्यापुढे असा मोह कधी ठेवला नाही. क्लबचे शेवटचे लीग विजेतेपद १९८७ चे आणि शेवटचा मोठा चषक १९९५ चा. मी पाहू लागल्यापासून या क्लबने एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही. हंगामाअखेर गुणतक्त्यातल्या तळाच्या संघांना खालच्या श्रेणीत जावे लागते, आणि अलीकडच्या वर्षांत तर १९५४ पासून सलग खेळत आलेल्या अव्वल श्रेणीतूनच तो घसरतो की काय, अशी वेळ पुन्हा पुन्हा आली. त्यात २०२३-२४ च्या हंगामात आर्थिक नियमभंगामुळे गुणही कापले गेले. आणि तरीही या क्लबविषयीची माझी सर्वांत उत्कट आठवण याच पडत्या काळातली आहे.

१९ मे २०२२ रोजी गुडिसनवर क्रिस्टल पॅलेसविरुद्ध सामना होता. तो जिंकला तर श्रेणी नक्की टिकणार होती, पण मध्यंतराला एव्हर्टन ०-२ असा मागे होता. त्या वसंतात एव्हर्टनच्या चाहत्यांनी एक गोष्ट केली होती, तशी मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. घरच्या सामन्यांच्या दिवशी ते मैदानाबाहेरच्या गल्ल्यांमध्ये हजारोंनी जमत, निळा धूर सोडत आणि खेळाडूंची बस त्या गर्दीतून पुढे सरकताना, तुम्ही एकटे नाही आहात, हे त्यांना ओरडून ओरडून सांगत. संघ वाईट खेळत होता, रागावण्याची कारणे पुष्कळ होती, आणि ती माणसे राग मागे ठेवून आली होती. उत्तरार्धात कीनने एक गोल फेडला, पंचाहत्तराव्या मिनिटाला रिचार्लिसनने बरोबरी साधली आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला डॉमिनिक कॅलव्हर्ट-लुईनने झेप घेऊन हेडरने तिसरा गोल केला. त्या गोलाच्या आधीचा आवाज मला नंतरच्या आवाजाहून अधिक लक्षात राहिला आहे. बरोबरी झाल्यानंतरच्या त्या दहा मिनिटांत मैदानातून असा एक घोष उठत होता, की तिसरा गोल होणार हे पडद्यापलीकडून मलाही जाणवत होते. मी गोल पाहत होते, पण तो गोल त्या गॅलऱ्यांनी आतून ढकलला होता.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. याच्या उलट काय असते, तेही आपण सर्वांनी पाहिले आहे. महासाथीच्या काळात १६ मे २०२० रोजी जर्मनीत आणि १७ जूनला इंग्लंडमध्ये रिकाम्या मैदानांवर सामने पुन्हा सुरू झाले. २१ जूनला गुडिसनवर एव्हर्टन आणि लिव्हरपूल यांच्यातला शहराचा सामना झाला, तो ०-० असा सुटला. एरवी या सामन्याच्या आधी दोन दिवस मला दुसरे काही सुचत नाही. त्या दिवशी खेळाडू तेच होते, मैदान तेच होते, आणि प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित गर्दीचा आवाजही मिसळलेला होता. पण तो आवाज चेंडू धोक्याच्या जागी पोहोचण्याआधी चढत नव्हता, पंचांच्या निर्णयावर चिडत नव्हता, थकलेल्या बचावपटूला उठवत नव्हता. आवाज बंद केला, की खेळाडूंच्या हाका आणि चेंडूला बसणाऱ्या लाथा ऐकू येत. तांत्रिक दृष्टीने तो पूर्ण सामना होता. त्या काळात मला स्पष्ट दिसले, की मी ज्याला एव्हर्टन म्हणते, त्यातला निम्मा भाग मैदानावर नसतोच. तो खुर्च्यांवर असतो. आणि तो भाग घडवण्यात माझा काहीही वाटा नाही. मी वर्गणी भरते, जर्सी घेते, आणि त्याबदल्यात ती माणसे पाऊस-वाऱ्यात जाऊन जे निर्माण करतात, ते मला मिळते.

माझे सगळे म्हणणे इथून सुरू होते. दूरचा चाहता अस्सल असतो की नसतो, हा वाद मला निरर्थक वाटतो. तो स्थानिक चाहत्यांचे देणे लागतो, हे मात्र मला पक्के ठाऊक आहे. आणि हे देणे तातडीचे आहे, कारण गेल्या काही वर्षांत मालक मंडळींनी आमचेच नाव पुढे करून त्या स्थानिक माणसांवर कुरघोडी करायला सुरुवात केली आहे.

कार्डिफ सिटीचे उदाहरण घ्यावे. शतकभर निळ्या रंगात खेळलेल्या या क्लबला २०१२ मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी लाल रंग दिला. लाल रंग आशियाई बाजारपेठेत अधिक चालेल, हे त्यामागचे एक कारण सांगितले गेले. पुढच्याच वर्षी त्या लाल जर्सीत कार्डिफने दुसरी श्रेणी जिंकली आणि एक्कावन्न वर्षांनी अव्वल श्रेणी गाठली. म्हणजे ज्याची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली, तेच घडले होते. तरीही चाहते निळा रंग मागत राहिले, आणि २०१५ च्या जानेवारीत तो त्यांनी परत मिळवला. या संपूर्ण प्रकरणात आशियातल्या कुणा चाहत्याने लाल रंग मागितल्याचे माझ्या पाहण्यात नाही. दुसऱ्या खंडातला माणूस कार्डिफकडे वळला असता, तर कार्डिफ जसा आहे तसा पाहूनच वळला असता.

१८ एप्रिल २०२१ च्या रात्री इंग्लंड, स्पेन आणि इटलीतल्या बारा बड्या क्लबांनी युरोपियन सुपर लीगची घोषणा केली, तेव्हा हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. संस्थापक क्लबांची जागा कायमची राखीव, त्यांना घसरणीची भीती नाही, अशी ती रचना होती. आयोजकांच्या बोलण्यात ‘लेगसी फॅन्स’ आणि ‘भविष्यातले चाहते’ अशी विभागणी असल्याचे तेव्हाच्या बातम्यांतून पुढे आले. शहरातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे चाहते पहिल्या गटात, आणि जगभर पसरलेले, मोठी नावे व मोठे सामने मागणारे आम्ही दुसऱ्या गटात. रेआल माद्रिदचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांनी तर तरुणांना सामने लांबलचक वाटतात, असेही दूरचित्रवाणीवर सांगितले. दोन दिवसांत चेल्सीच्या मैदानाबाहेर चाहते रस्त्यावर बसले, आणि २० एप्रिलच्या रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब मागे हटले.

ज्यांच्या नावाने हे चालले होते, त्यांच्यातली मी एक आहे, आणि म्हणून याविषयी मला मनापासून बोलायचे आहे. दूरच्या चाहत्याला दर आठवड्याला तेच ते बारा क्लब हवे असतात, हा समज खोटा आहे. मी एव्हर्टनची क्रिस्टल पॅलेसविरुद्धची ती संध्याकाळ ज्या कारणाने विसरत नाही, ते कारण घसरणीची भीती हेच होते. ती भीती काढून टाकली, तर त्या गल्ल्यांतली गर्दी, तो धूर, तो घोष यांतले काहीही उरत नाही. बायर्न म्युनिक किंवा बार्सिलोना यांचा कोणताही सामना मला कधीही पाहता येतो. मला जे दुर्मीळ वाटते, ते एका शहराचे सर्वस्व नव्वद मिनिटांवर पणाला लागणे आहे.

मालकांना थोपवणे अशक्य नसते, हेही या माणसांनी दाखवले आहे. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूलच्या सुमारे दहा हजार चाहत्यांनी ७७ पौंडांच्या प्रस्तावित तिकिटाच्या निषेधार्थ सत्त्याहत्तराव्या मिनिटाला, संघ आघाडीवर असताना, मैदान सोडले आणि काही दिवसांत मालकांनी दरवाढ मागे घेतली. ते आमचे प्रतिस्पर्धी. त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला. विम्बल्डन क्लबला शहर सोडून सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी २००२ मध्ये मिळाली, तेव्हा चाहत्यांनी माळरानावर निवड चाचणी घेऊन स्वतःचा एएफसी विम्बल्डन उभा केला. नवव्या श्रेणीतून सुरुवात करून तो २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आला आणि २०२० मध्ये प्लाउ लेन या आपल्या जुन्या परिसरात परतला. जर्मनीत तर १९९८ पासून ५०+१ असा नियम आहे: काही अपवाद वगळता क्लबच्या कंपनीतले बहुमताचे मताधिकार सभासदांच्या संस्थेकडेच राहतात. युनियन बर्लिनचे मैदान मोडकळीला आले, तेव्हा २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतः राबून ते बांधून काढले. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि लीगचा प्रक्षेपणहक्कांतला वाटा गुंतवणूकदाराला देण्याचा बेत हाणून पाडला. टीव्हीवर सामना थांबलेला पाहणाऱ्या दूरच्या काही प्रेक्षकांनी कुरकुर केली. मला ती कुरकुर समजते, पण मान्य नाही.

१८ मे २०२५ रोजी गुडिसन पार्कवर एव्हर्टनच्या पुरुष संघाचा शेवटचा सामना झाला. साउदॅम्प्टनविरुद्ध इलिमान न्डियायच्या दोन गोलांनी तो जिंकला, आणि संघ मर्सी नदीकाठच्या नव्या, प्रशस्त मैदानात गेला. पण गुडिसन पाडले गेले नाही. ते एव्हर्टनच्या महिला संघाला मिळाले. या निर्णयाने मला फार आनंद झाला, त्याला इतिहासाचे कारण आहे. १९२० मध्ये नाताळच्या दुसऱ्या दिवशी याच गुडिसनवर ‘डिक, कर लेडीज’ आणि ‘सेंट हेलेन्स’ या दोन संघांमधला महिलांचा सामना पाहायला त्रेपन्न हजार लोक जमले होते. पुढच्याच वर्षी, १९२१ च्या डिसेंबरमध्ये, इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी घातली आणि ती सुमारे पन्नास वर्षे टिकली. या बंदीने काय हिरावले, याचा विचार करताना मला प्रेक्षकांची आठवण होते. एव्हाना चार पिढ्यांच्या घरांतून महिला संघांची निष्ठा वारशाने आली असती. ती साखळी तिथेच तोडली गेली. म्हणून आज महिला फुटबॉलची चाहती होणारी प्रत्येक व्यक्ती नव्याने निवड करते आहे, शहरातलीही आणि दूरचीही, आणि या एका ठिकाणी आम्ही सगळे एकाच ओळीत उभे आहोत. ३० मार्च २०२२ रोजी बार्सिलोनाच्या महिला संघाचा सामना पाहायला कॅम्प नोऊवर एक्क्याण्णव हजारांहून अधिक लोक आले, ते याच नव्या निवडीचे दर्शन होते. गुडिसनवरचे महिला संघाचे सामने मी आता नियमाने पाहते.

आता मालकांच्या आणि लीगच्या मनात पुढची कल्पना घोळते आहे, ती म्हणजे सामनाच आमच्याकडे आणण्याची. प्रीमियर लीगने २००८ मध्ये प्रत्येक संघाचा एक जादा, एकोणचाळिसावा सामना परदेशात खेळवण्याचा प्रस्ताव मांडला होता. चौफेर विरोधानंतर तो गुंडाळावा लागला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये होणारा व्हियारेआल आणि बार्सिलोना यांचा लीगमधला सामना मायामीला नेण्याचे स्पॅनिश लीगने ठरवले, तेव्हा तिथल्या खेळाडूंनी ऑक्टोबरमधल्या सामन्यांत पहिली पंधरा सेकंदे स्तब्ध उभे राहून निषेध नोंदवला आणि तो बेत रद्द झाला. पण कल्पना संपलेली नाही, ती पुन्हा येईल, आणि दूरच्या चाहत्यांना त्यांचा क्लब प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळावी, हेच कारण पुन्हा दिले जाईल. ते ऐकून ज्यांना मोह होईल, त्यांचा मला राग येणार नाही, कारण तो मोह मलाही ठाऊक आहे: आयुष्यभर पडद्यावर पाहिलेला निळा रंग डोळ्यांसमोर गवतावर पाहायला मिळणे ही काही लहान गोष्ट नाही. पण त्या सामन्यासाठी हंगामी तिकीट काढलेल्या कुणाचा तरी घरचा एक सामना काढून घेतलेला असेल, आणि त्याच्या जागी स्टँडमध्ये माझ्यासारखी, घोष ऐकत आलेली पण घोष उठवायला कधी न शिकलेली माणसे बसलेली असतील. एव्हर्टनचा घरचा सामना माझ्या शहरात खेळवण्याचे कधी ठरले, तर मी त्याचे तिकीट घेणार नाही, आणि लिव्हरपूलमधल्या चाहत्यांच्या संघटना त्याविरुद्ध जे निवेदन काढतील, त्यावर परदेशातली चाहती म्हणून माझे नाव आणि शहर लिहून सही करीन.